मोटारीच्या पेटींत वीज ओळखण्याची निर्धोक रीति

बागाइतदाराच्या रोजच्या विवंचनांत विजेची विवंचना आतां पहिल्या पंक्तीस येऊन बसली आहे. विहिरीस पाणी आहे, ऊंस तहानलेला आहे, मोटार धड आहे; परंतु वीज केव्हां येईल आणि आली तर तिन्ही फेज पुरते येतील कीं नाहीं, याची खात्री कोणी देत नाहीं. शेतीच्या वाहिन्यांस पाळीपाळीनें, कांहीं दिवस दिवसा व कांहीं दिवस रात्रीं, वीज सोडण्याची वहिवाट आपणां सर्वांच्या अंगवळणीं पडलेली आहे. शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना काढली व २०२३ सालीं तिचा दुसरा टप्पा हातीं घेतला. ज्यांच्या शिवारांत ती वीज पोहोंचली ते भाग्यवान. ज्यांच्याकडे पोहोंचली नाहीं त्यांस रात्रीं बॅटरी व काठी घेऊन विहिरीवर जाणें चुकलेलें नाहीं. २०२० च्या नोव्हेंबर महिन्यांत आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसें मारलीं, तेव्हां रात्रीं पाणी धरावयास जाणें म्हणजे काय, हें साऱ्या बीड जिल्ह्यास समजलें. साप-विंचवाचें भय तर नित्याचेंच.

या जाचांतून सुटण्यासाठीं शेतकऱ्यांनीं ऑटोस्विचाची वाट धरली. ही लहानशी पेटी स्टार्टरास जोडली म्हणजे वीज येतांच मोटार आपोआप सुरू होते व धन्यास घरीं निजून राहतां येतें. युक्ति सोयीची खरी, परंतु तिच्या पोटीं दोन मोठे दोष आहेत. ते कोणते, आणि त्यांवर विचारपूर्वक उपाय कसा योजावा, हें सांगण्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

ऑटोस्विचाचे दोन दोष

पहिला दोष असा कीं, साधा ऑटोस्विच वीज आली एवढेंच पाहतो. ती कशी आली हें पाहत नाहीं. तीनांपैकीं एक फेज नसतांना मोटारीस चालना मिळाली तर ती जागच्या जागीं गुरगुरते, फिरत नाहीं, भरमसाट प्रवाह ओढते आणि संरक्षक रिले चोख नसेल तर थोड्याच वेळांत तिचें वाइंडिंग जळून जातें. माणूस समोर असता तर तो आवाज ऐकून त्यानें बटण दाबलें असतें. पण माणूस घरीं निजलेला असतो.

दुसरा दोष एकट्याचा नसून साऱ्या शिवाराचा आहे. हिशेब करून पाहूं. पांच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारें साडेसात अँपिअर प्रवाह घेते. सरळ स्टार्टरावर सुरू होतांना पहिले कांहीं क्षण ती त्याच्या सहापट, म्हणजे सुमारें ४५ अँपिअर, प्रवाह ओढते. १०० केव्हीएच्या रोहित्राची, म्हणजे आपल्या बोलींतील डीपीची, ऐपत सुमारें १३३ अँपिअरची असते. तिच्यावर बारा मोटारी एकीमागून एक सुरू झाल्या तर चालू प्रवाह ९० अँपिअर होतो व डीपी तो सुखानें सोसते. परंतु बाराही मोटारी ऑटोस्विचावर एकाच क्षणीं उठल्या तर मागणी ५४० अँपिअरची, म्हणजे ऐपतीच्या चौपट होते. मग फ्यूज उडतात, तारा तापतात, आणि वारंवार असें घडलें म्हणजे एके दिवशीं डीपीच जळते. डीपी जळाली कीं ती बदलून येईपर्यंत बाराही जणांचीं पिकें वाळतात. ऑटोस्विच काढून टाका व कपॅसिटर बसवा, असें महावितरण कंपनी शेतकऱ्यांस वारंवार सांगते, तिच्या बोलण्यांत हें तथ्य आहे.

आमचा अनुभव

आमचा उभा जन्म महसूल खात्याच्या दप्तरांत गेला. विजेचें शास्त्र आम्ही शाळेंत शिकलों नाहीं. तें शिकण्याची पाळी निवृत्तीनंतर आली. दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्यांत आमची बोअरांतील मोटार एका रात्रींत जळाली. सकाळीं पाहतों तों ऑटोस्विच चालू, मोटार बंद आणि डीपीवरील एक फ्यूज उडालेला. मोटार वर काढणें, वाइंडिंग करून घेणें व पुन्हां सोडणें यांत आठ दिवस गेले, तोंवर उन्हाळी भुईमूग होरपळला.

त्यानंतर आम्हीं बाजारांतून भ्रमणध्वनीवर खबर देणारी एक स्वस्त पेटी आणून बसविली. पावसाळ्यांत एके दिवशीं त्या पेटीच्या बटणास हात लावतांच आमच्या सालगड्यास विजेचा जबर झटका बसला. तो बाजूस फेकला गेला म्हणूनच वांचला. तंत्रनिकेतनांत शिकलेल्या आमच्या पुतण्यानें पेटी उघडून पाहिली, तेव्हां उघड झालें कीं विजेची मुख्य तार आणि माणसाचा हात लागतो तो भाग, यांच्यामध्यें एका रोधकाखेरीज कोणतीही आडकाठी नव्हती. पावसाच्या दमटपणानें उरलेलें काम केलें. त्या दिवसापासून आम्हीं ठरविलें कीं, विजेची खबर घ्यावयाची ती विजेस न शिवतां घ्यावयाची. ही गोष्ट कशी साधते तें पुतण्याकडून समजून घेतलें, त्याच्या हातून पेटी करवून घेतली, दोन हंगाम चालवून पाहिली, आणि आतां वाचकांपुढें मांडीत आहों.

शेतावर न जातां पंपाची खबर घेण्याची कल्पना आपल्या महाराष्ट्रांत नवी नाहीं. पुण्याचे श्री. संतोष ओस्तवाल यांनीं 'नॅनो गणेश' नांवाचें यंत्र सिद्ध केलें. त्यायोगें भ्रमणध्वनीवरून पंप चालू-बंद करतां येतो आणि पंपापाशीं वीज आहे किंवा नाहीं हेंही घरीं बसून कळतें. विहिरीवर हेलपाटे घालणाऱ्या आपल्या आजोबांचे कष्ट पाहून ही कल्पना सुचली, असें त्यांनीं सांगितलें आहे. आमचें सांगणें अमुक एक यंत्र घ्या असें नाहीं. कोणतेंही यंत्र घेतांना अथवा करवितांना त्याच्या आंत काय असावें, हें धन्यास स्वतः समजलें पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.

लहानगा गणक व त्याचें नाजूकपण

अशा पेटींत विचार करणारा जो भाग असतो त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. नखाएवढ्या तुकड्यावर मावलेला हा गणक होय. इटलींत २००५ सालीं विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं आर्डुइनो नांवाची पाटी निघाली. तीवर हा गणक बसविलेला असतो व तिच्यामुळें तो शिकाऊ माणसाच्याही हातीं आला. त्यास एकदां नियम लिहून दिले म्हणजे तो रात्रंदिवस न कंटाळतां ते पाळतो. त्याच्या पायांपैकीं एखाद्यावर विजेचा दाब आहे कीं नाहीं, हें तो क्षणोक्षणीं पाहूं शकतो.

परंतु त्याची सहनशक्ति फार थोडी. त्याचा सारा संसार ५ व्होल्टांचा. कांहीं जातींचा तर ३.३ व्होल्टांचाच. आपल्या एका फेजाचा न्यूट्रलशीं दाब २३० व्होल्ट म्हणतात, पण तो सरासरीच्या हिशेबाचा आंकडा आहे. प्रत्येक फेरींत तो दाब ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो, शून्यावर येतो व तितकाच उलट दिशेस जातो. अशी तार गणकाच्या पायास लावली तर गणक क्षणांत भस्म होईल. मोठे रोधक घालून दाब उतरवितां येतो हें खरें, आणि स्वस्त पेटी करणारे तसेंच करतात. पण त्यांत विजेचा धागा तुटत नाहीं. रोधक कमी पडला अथवा ओल शिरली, कीं फेजाचा दाब गणकांत, गणकांतून बटणांत आणि बटणांतून माणसाच्या बोटांत उतरतो.

ऑप्टोकप्लर म्हणजे काय

सिंदफणेस पूर आला आहे, नाव चालत नाहीं, अशा वेळीं या तीरावरील मनुष्यास पैलतीरावर निरोप द्यावयाचा आहे अशी कल्पना करा. तो कंदील वर करतो. पलीकडचा मनुष्य उजेड पाहतो व काय समजावयाचें तें समजतो. पाणी कोणी ओलांडलें नाहीं, तरी निरोप पोहोंचला. ऑप्टोकप्लर नेमकें हेंच करतो.

हा चार पायांचा काळा ठोकळा आहे. जपानच्या शार्प कंपनीचा पीसी ८१७ हा त्यांतील सर्वपरिचित नमुना असून त्याच नांवानें इतरही कारखानदार तो करतात. किंमत थोड्या रुपयांची. ठोकळ्याच्या एका अंगास दोन पाय व त्यांच्या आंत एक सूक्ष्म एल्. ई. डी. दिवा असतो. त्याचा उजेड अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा. दुसऱ्या अंगास दोन पाय व त्यांच्या आंत फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेड पडला कीं उघडणारें दार. दोहोंच्या मध्यें उजेड जाऊं देणारें पण वीज न जाऊं देणारें भरण असतें. तांब्याची एकही तार या अंगाकडून त्या अंगाकडे जात नाहीं. पीसी ८१७ मधील ही आड ५,००० व्होल्टांचा दाब एक मिनिटभर सोसते, असें त्याच्या माहितीपत्रकांत लिहिलेलें असतें. आपल्या दोन फेजांमधील ४१५ व्होल्टांच्या मानानें ही मोठीच शिल्लक होय.

जोडणी

आंतील दिव्यास चालण्यास सुमारें सव्वा व्होल्ट व दोन-तीन सहस्रांश अँपिअर प्रवाह पुरतो. बाकीचा सर्व दाब रोधकांनीं खाल्ला पाहिजे. आम्हीं प्रत्येक फेजाच्या वाटेवर ४७ हजार ओहमांचे, प्रत्येकीं एक वॉटचे, दोन रोधक एकापुढें एक घातले. त्यांतून सुमारें अडीच सहस्रांश अँपिअर प्रवाह जातो व दर रोधकास पाव वॉटाहून थोडी अधिक उष्णता सोसावी लागते; म्हणजे तो आपल्या ऐपतीच्या तिसऱ्या हिश्श्यावर चालतो. एकाच्या ठिकाणीं दोन घालण्याचें कारण असें कीं, दाब दोघांत वांटला जातो, आणि एक निकामी होऊन आरपार झाला तरी दुसरा वाट अडवून उभा राहतो.

पुढची गोष्ट विसरूं नये. वीज दर फेरींत दिशा बदलते. दिव्यास सरळ दिशेचा प्रवाह मानवतो. उलट दिशेचा दाब तो सहा व्होल्टांपलीकडे सोसत नाहीं. म्हणून दिव्याच्या पायांवर १एन ४००७ जातीचा एक डायोड उलट तोंडानें जोडावा. उलट फेरींतील प्रवाह त्यांतून निघून जातो व दिवा सुरक्षित राहतो.

दुसऱ्या अंगास फोटोट्रान्झिस्टराचा एक पाय गणकाच्या जमिनीस, म्हणजे शून्य व्होल्टाच्या तारेस, आणि दुसरा गणकाच्या पायास जोडावा. त्या पायास १० हजार ओहमांच्या रोधकानें ५ व्होल्टांवर ओढून धरावें. दिवा विझलेला असतां गणकास ५ व्होल्ट दिसतात. दिवा लागला कीं दार उघडतें व दाब शून्याजवळ येतो. म्हणजे येथें शून्य याचा अर्थ 'वीज आहे', व ५ याचा अर्थ 'वीज नाहीं'. ही उलटी भाषा नवशिक्यास चकविते.

फेजाच्या दर सेकंदास ५० फेऱ्या होतात, म्हणून दिवाही सेकंदास पन्नास वेळां लागतो व विझतो. गणक फार चपळ असल्यामुळें विझल्या क्षणीं पाहिलें तर तो 'वीज गेली' असें म्हणेल. यासाठीं त्यास हजेरीपत्रकाचा नियम द्यावा: दोन दशांश सेकंदांत दहा ठोके पडले पाहिजेत, पडले तर फेज हजर, न पडले तर गैरहजर.

तीन पहारेकरी व त्यांची साक्ष

तीन फेजांस तीन ऑप्टोकप्लर लागतात. विहिरीपर्यंत न्यूट्रलची तार असेल तर प्रत्येकाचें दुसरें टोक तिला जोडावें. पण पुष्कळ ठिकाणीं विहिरीवर तीनच तारा येतात. अशा वेळीं दोन-दोन फेजांमध्यें एकेक ऑप्टोकप्लर जोडण्याचा मोह होतो. आम्हींही प्रथम तेंच केलें व फसलों. तिसरा फेज गेला तरी तिन्ही दिवे लागलेलेच! कारण शोधतां असें दिसलें कीं, तिसऱ्या तारेस जोडलेले दोन दिवे एकापुढें एक होऊन उरलेल्या दोन फेजांच्या मधोमध येतात, व अर्ध्या दाबावर का होईना, लागून राहतात. ही खोटी साक्ष झाली. बरोबर रीति अशी कीं, तिन्ही वाटांचीं दुसरीं टोकें एकत्र बांधावीं व ती गांठ कोठेंही न जोडतां मोकळी ठेवावी. ही गांठच न्यूट्रलचें काम करते. आतां जो फेज मेला त्याच्या वाटेंतून प्रवाह येण्यास मार्गच नाहीं, म्हणून त्याचा दिवा विझतो आणि इतर दोन लागून राहतात.

दुसरी खोटी साक्ष याहून सूक्ष्म आहे, आणि गांवांत तीच अधिक वेळां घडते. डीपीच्या वरच्या बाजूस ११,००० व्होल्टांच्या तीन तारा येतात. तेथला एक फ्यूज उडाला तर नेहमींच्या बांधणीच्या डीपीच्या खालच्या बाजूस एक फेज पुरता राहतो व बाकीचे दोन निम्म्या दाबावर, म्हणजे सुमारें १२० व्होल्टांवर, येतात. घरांतील दिवे मिणमिणतात ती हीच अवस्था. परंतु ऑप्टोकप्लराच्या दिव्यास १२० व्होल्टही बहुधा पुरतात. तिन्ही पहारेकरी 'हजर' म्हणतात व मोटार जळते!

यावर उपाय पैशाचा नव्हे, नियमाचा आहे. नुसती हजेरी न घेतां हांक कोणत्या क्रमानें व किती अंतरानें आली, हेंही गणकाकडून पाहवावें. एका सेकंदाचे हजार भाग केले तर विजेची एक फेरी वीस भागांची होते. तिन्ही फेज निरोगी असतील तर पहिल्यानंतर दुसरा, दुसऱ्यानंतर तिसरा व तिसऱ्यानंतर पुन्हां पहिला, असे सुमारें पावणेसात-पावणेसात भागांच्या समान अंतरानें हांक देतात. वरचा फ्यूज उडाला असतां निम्मे दाब असलेले दोघे एकाच क्षणीं हांक देतात व पुरता फेज त्यांच्या बरोबर उलट, दहा भागांनीं. हांकांमधील अंतर सहा ते साडेसात भागांत बसलें तरच मोटारीस परवानगी, असा नियम लिहिला कीं ही फसवणूक उघडी पडते. याच कारणासाठीं उलट-सुलट दोन्ही फेऱ्यांत लागणारा पीसी ८१४ हा ऑप्टोकप्लर येथें घेऊं नये; तो दोन्ही वेळां हांक देतो, त्यामुळें सुलट कोणती व उलट कोणती याचा बोध होत नाहीं.

या नियमाचा आणखी एक लाभ आहे. तारा तुटून दुरुस्त झाल्यावर कधीं दोन फेजांची अदलाबदल होते व मोटार उलटी फिरते. सबमर्सिबल पंप उलटा फिरला तर आवाज येतो, वीज जळते, पण पाणी पुरतें चढत नाहीं, आणि धनी बोअर आटली असें समजून कपाळास हात लावतो. पहारेकऱ्यांच्या हांकेचा क्रम बदललेला दिसला कीं गणक हें आधींच सांगतो.

या साक्षीची मर्यादा

जें यंत्र सांगत नाहीं तेंही वाचकांस सांगणें आमचें कर्तव्य आहे. ऑप्टोकप्लर वीज आहे कीं नाहीं तें सांगतो. किती आहे तें विश्वासानें सांगत नाहीं. २३० व्होल्ट असोत कीं १८०, त्याची हांक जवळ जवळ सारखीच. दाब कमी असतां मोटार अधिक प्रवाह ओढून तापते, म्हणून पेटीवर व्होल्टमीटर हवाच.

दुसरी मर्यादा मोटार चालू झाल्यानंतरची. फिरत्या मोटारीचा एक फेज गेला तर मोटार बहुधा थांबत नाहीं. उलट ती आपल्या पोटांतून त्या मेलेल्या तारेवर जवळ जवळ पुरता दाब उत्पन्न करते. शेजाऱ्याच्या चालू मोटारीही त्याच तारेवर असाच दाब ठेवतात. मग तिन्ही पहारेकरी वेळेवर हांक देत राहतात आणि मोटार मात्र दोन फेजांवर जळत असते. ही गोष्ट दाब पाहून कळत नाहीं, प्रवाह पाहून कळते. यास्तव स्टार्टरांतील ओव्हरलोड रिले योग्य आंकड्यावर लावलेला व जिवंत असलाच पाहिजे, आणि शक्य तर तिन्ही तारांचा प्रवाह पाहणारें संरक्षक यंत्र निराळें असावें. पुष्कळ ठिकाणीं रिले वारंवार पडतो म्हणून त्यास तार बांधून ठेवतात. असें करणें म्हणजे राखणदाराचें तोंड बांधून खळें उघडें टाकण्यासारखें आहे.

निरोप यंत्राचा, हुकूम माणसाचा

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. वीज पुरती व क्रमानें आली असें गणकास कळलें. पुढें त्यानें काय करावें? आमचें मत असें कीं, त्यानें मोटार आपण होऊन सुरू करूं नये. प्रथम पांच मिनिटें थांबावें, कारण नुकतीच आलेली वीज पुष्कळदां पुन्हां जाते. पांच मिनिटें तिन्ही पहारेकरी न चुकतां हांक देत राहिले तर धन्याच्या भ्रमणध्वनीवर संदेश पाठवावा. मग धन्यानें अंथरुणावरूनच उलट संदेशानें हुकूम द्यावा, व हुकूम आल्यावरही गणकानें एकदां पुन्हां हजेरी घेऊन मगच स्टार्टरास चालना द्यावी. शेतावर जाण्याचें कारण राहत नाहीं, आणि मोटार डोळे मिटून उठत नाहीं.

याच्या जोडीस एका डीपीवरील शेतकऱ्यांनीं एकत्र बसून क्रम ठरवावा. पहिल्यानें लगेच, दुसऱ्यानें दोन मिनिटांनीं, तिसऱ्यानें चार मिनिटांनीं, याप्रमाणें बारा मोटारी २२ मिनिटांत सुरू होतात. गणकांत आपला क्रमांक लिहून ठेवला कीं हुकूम कधींही दिला तरी तो आपली पाळी आल्याविना उठत नाहीं. पाण्याच्या पाळीवरून जेथें भाऊभाऊ कचेरीची पायरी चढतात, तेथें विजेची पाळी कोण पाळणार, असें कोणी म्हणेल. आम्हीं कचेरींत तसे तंटे उभा जन्म पाहिले आहेत. परंतु आमच्या डीपीवरील नऊ जणांपैकीं सहा जणांनीं हा क्रम धरला, तेवढ्यानेंही गेल्या उन्हाळ्यांत फ्यूज उडण्याचें प्रमाण पुष्कळ कमी झालें. उरलेले तिघे आतां विचारूं लागले आहेत.

सावधगिरीचे नियम

पेटी करवितांना अथवा विकत घेतांना पुढील गोष्टी डोळ्यांनीं पाहून घ्याव्या.

१. फेजांच्या तारा व रोधक पाटीच्या एका अंगास आणि गणक दुसऱ्या अंगास असावा. दोहोंच्या मध्यें निदान आठ मिलिमीटर मोकळी पट्टी असावी व ती पट्टी केवळ ऑप्टोकप्लरानेंच ओलांडलेली असावी. ओल व मुंग्या यांचा विचार करून पट्टींत फट कापलेली असल्यास उत्तम.

२. दोन्ही अंगांची जमीन, म्हणजे शून्याची तार, एकमेकांस कोठेंही जोडलेली नसावी. ती जोडली कीं ऑप्टोकप्लर असून नसल्यासारखा झाला.

३. गणकास ५ व्होल्ट देणारा पुरवठा चांगल्या प्रतीचा व मुख्य विजेपासून अलग केलेला असावा. पुढचें दार बंद करून मागचें उघडें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

४. पेटी लोखंडी असल्यास तिला पक्की अर्थिंग द्यावी. प्रत्येक फेजाच्या वाटेवर, रोधकांच्याही आधीं, लहान फ्यूज असावा.

५. पेटी बसविण्याचें काम परवानाधारक वायरमनाकडूनच, वीज तोडून, करवून घ्यावें. डीपीवर अथवा महावितरणच्या तारांवर स्वतः चढूं नये.

६. हा नियम सर्वांत शेवटीं सांगितला तरी सर्वांत आधीं पाळावा. 'वीज नाहीं' असा निरोप आला म्हणून तारेस हात लावूं नये. रोधक तुटला, दिवा जळाला किंवा फ्यूज गेला, तरीही पहारेकरी गप्पच बसतो. आणि तार मात्र जिवंत असते. पहारेकऱ्याचें बोलणें मोटार सुरू करण्यास पुरेसें आहे, त्याचें मौन माणसाचा जीव तारेवर ठेवण्यास पुरेसें नाहीं. मुख्य स्विच पाडून, फ्यूज काढून खिशांत घालून, टेस्टरनें तिन्ही तारा तपासल्याविना कोणीही काम करूं नये, घरच्या मुलांस व सालगड्यास करूं देऊं नये.

आमच्या सालगड्यानें त्या झटक्यानंतर कित्येक दिवस पेटीस हात लावला नाहीं. नवी पेटी बसविल्यावर आम्हीं त्यास तो काळा ठोकळा दाखविला, मधली मोकळी पट्टी दाखविली, आणि वीज येथवर येते, येथून पुढें नुसता उजेड जातो, असें समजावून सांगितलें. तो बराच वेळ पाहत राहिला व मग त्यानें आपण होऊन बटण दाबलें. ज्यांच्या हातांनीं आपलीं यंत्रें चालतात त्यांस तीं समजावून देणें हाही शेतीचाच भाग होय.

ज्या बंधूंनीं अशी पेटी वापरून पाहिली असेल, अथवा ज्यांस आमच्या लिहिण्यांत चूक आढळेल, त्यांनीं आपला अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. एकाची जळालेली मोटार दहा जणांस शहाणपण देऊन गेली, तर ती अगदींच फुकट गेली असें होणार नाहीं.